डाव्या कौलाचे आप्पा

बेळगुंदीतले आमचे शेजारी परशराम आप्पा कौल लावल्याशिवाय रताळ्याचा वेलसुद्धा लावत नाहीत. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोयरीक असो, म्हैस असो, मोबाईलचं सिमकार्ड असो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. निकालादिवशी गल्लीभर पेढे वाटले. आप्पा पेढा गालात धरून म्हणाले, "उजवा पडलता तुझा. मी इचारलतो." म्हणजे रात्रंदिवस पुस्तकं घासली मी, आणि पास झालो यांच्या पाकळीवर!

यंदा आप्पांना बांध चढताना दम लागायला लागला. बीपी आधीपासून होतंच. मी त्यांना शहरात टिळकवाडीतल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इको करू या. हृदय आत कसं चालतंय ते पडद्यावर दिसतं. पुढं ते थकायचा धोका किती, याचा अंदाज येतो."

आप्पांचे डोळे चमकले. "म्हंजे कौलच की रं!"

चपला बाहेर काढून ते आत गेले. छातीला गार जेली लागली तसे मशीनकडं बघून हात जोडले आणि पुटपुटायला लागले.

"आजोबा, बोलू नका."

"गाऱ्हाणं संपू द्या बाई, मग गप बसतो."

तपासून झाल्यावर बाईंनी नीट समजावलं. हृदयाची डावी भिंत जाड झालीय. आज काही बिघडलेलं नाही, पण असंच सोडलं तर पुढं हृदय थकेल. गोळ्या घ्या, मीठ कमी करा.

आप्पांनी त्यातलं एकच ऐकलं. डावी. घरी आल्यावर गोळ्यांची पिशवी कोनाड्यात तशीच पडली.

"डावा दिल्यावर हात घालायचा नसतोय कामात," ते म्हणाले.

"अहो आप्पा, सगळ्यांचंच काळीज डावीकडं असतंय!"

"म्हणूनच सगळी मरत्यात."

मी तापलो. "विचारलं तरी काय होतं तुम्ही त्या मशीनला?"

आप्पांनी मान वळवून परसात बघितलं. तिथं त्यांची थोरली बहीण शेंगा फोडत बसली होती. आक्का जन्माची बहिरी, मुकी. लहानपणी या दोघांनी बोटांची एक भाषा केली. ती गावात तिसऱ्या कुणाला येत नाही.

"आक्का हाय तवर मला ऱ्हाऊ दे, एवढंच. मी गेल्यावर ती बोलंल कुणासंगं?"

माझा आवाज खाली आला. "आप्पा, मशीननं नाही म्हटलेलं नाही. अजून वेळ आहे म्हटलंय. गोळ्या त्याच्यासाठीच आहेत."

आप्पा उठले, कोनाड्यातली पिशवी काढली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. "खातो. पर तू ही भाषा शीक."

तेव्हापासून दर रविवारी मी परसात बसतो. भाकरी, ऊन, दुखतंय, एकेक खूण शिकतो. माझी बोटं वळत नाहीत. आक्का पोट धरून हसते.

परवा तिनं मला निरखून बघितलं आणि अंगठा-बोटांची दोन कडी डोळ्यांवर धरली, माझ्या चष्म्यासारखी.

"काय म्हणाली?"

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

"तुझं नाव ठेवलं तिनं. आजवर तिच्या बोटांत नाव असल्यालं माणूस मी एकटाच हुतो."