डोक्यावर दोन टिंबं

कपडे धुण्याचं जुनं मशीन मी नवऱ्याला न विचारता भंगारात काढलं. विचारलं असतं तर त्यांनी ते बाराव्यांदा उघडलं असतं. ते विजेच्या वस्तू दुरुस्त करतात. सगळ्यांची मशीनं चालू आणि आमच्या घरात मी बादलीपुढे उकिडवी!

मोठ्या दुकानात गेले. गळ्यात पट्टा अडकवलेल्या विक्रेत्यानं एका पांढऱ्याशुभ्र मशीनवर असा हात ठेवला, जणू त्याचं पहिलंच लेकरू.

"व्होल्डेनहाइम," तो म्हणाला.

"कुठलं आहे?"

"नावावरूनच कळतं ना, बाई."

(लबाड! उत्तर त्यानं दिलंच नव्हतं, हे आता कळतंय.) मशीनवरच्या इंग्रजी नावात एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं होती. एवढी नटलेली अक्षरं म्हणजे माल लांबचाच. मी तिथंच विरघळले.

मशीन घरी आलं. नवरा पाना घेऊन सरसावला.

"खबरदार! हे परदेशी आहे. तुमच्या हाताचं काम नाही."

"अगं, मागचे बोल्ट फक्त..."

"बोल्ट नाही नि बिल्ट नाही! कंपनीनं लावलेत ते काय उगाच?"

पाना त्यांनी हळूच पिशवीत ठेवला. आजवर मी त्यांना वेंधळे म्हटलं, बहिरे म्हटलं, ते हसत आले. त्या दिवशी हसले नाहीत. मला दिसलं ते. पण मी टिंबं पुसत राहिले.

बटण दाबलं आणि मशीन चालू लागलं. म्हणजे खरंच चालू लागलं, बाथरूममधून थेट दारापर्यंत. शेजारीण धावत आली.

"भूकंप झाला की काय?"

"परदेशी जोर आहे तो," मी म्हटलं आणि तिला टिंबं दाखवली.

पुढचे आठ दिवस मी मशीनवर बसून कपडे धुतले. (वजन माझं भरपूर आहे, तेही कमी पडलं.) दात वाजायचे, एका शब्दाचे चार तुकडे व्हायचे. नवरा दारात येऊन तोंड उघडायचा, मी डोळे वटारले की मिटायचा. जेवतानाही गप्प. एवढा खडखडाट, तरी घर मुकं झालं होतं.

नवव्या दिवशी मशीन धाडकन बंद पडलं. मी दुकानाला फोन लावला.

"व्होल्डेनहाइमच्या साहेबाला द्या. तिकडच्या!"

"तिकडे कुणीच नाही हो, ताई," फोनवरची मुलगी म्हणाली. "ते नाव आमच्या दुकानानंच ठेवलंय. पंख्यांवर, मिक्सरवरही तेच असतं. कारागीर पाठवते."

दुपारी बेल वाजली. दारात माझाच नवरा, हातात तक्रारीचा कागद.

"मशीनची तक्रार तुमचीच का, बाई?"

"तुम्ही?"

"त्या दुकानाची कामं वर्षभर मीच करतोय. सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस, आधी पाय पुसा."

त्यांनी मागचे चार लांब बोल्ट काढले. "मशीन आणताना आतलं पिंप हलू नये म्हणून हे घट्ट आवळतात. चालवायच्या आधी काढायचे असतात." मग हादऱ्यांनी सुटलेली वायर जोडली.

"हे दुकानाचंच नाव, हे माहीत होतं तुम्हाला?"

"असली चाळीसेक उघडलीत मी."

"मग बोलला का नाहीत?"

ते वायरकडेच बघत म्हणाले, "शेजारणीला टिंबं दाखवत होतीस तू. इतकी खूश तुला कधी बघितली नव्हती. म्हटलं, राहू दे."

माफी मागायची मला सवय नाही. म्हटलं, "यापुढे या घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला पहिला हात तुमचा. मग ती चंद्रावरून येवो."

"चहाच्या गाळणीलासुद्धा?"

"फाजीलपणा नको!"

ते हसले. नऊ दिवसांनी. मशीनही जागचं न हलता गुणगुणायला लागलं.

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. "ताई, कारागिराला दहापैकी किती गुण द्याल?"

कारागीर समोरच चहा पीत होते. "दहा!" मी ठणकावलं. "जास्त देता येत असतील तर जास्त लिही."

"छान. कारागीरही ग्राहकाला गुण देतात बरं का. तुमच्या वागणुकीला चार मिळालेत."

"चार?"

"खाली शेरा पण आहे, ताई. 'पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारणा.'"