फ्लॅट नंबर सातचा एजंट

चौतीस वर्षं पाणीखात्यात नोकरी केली, पण एका आकड्यात कधी खोट केली नाही. हे वाक्य मी माझ्या निरोपसमारंभात म्हटलं होतं आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी आकड्यात खोट केली. त्या टाळ्या आता परत करायच्या असतील तर कुठल्या खिडकीवर करायच्या, एवढंच मला विचारायचं आहे.

झालं ते असं. आमची दीपाली सहा वर्षं हॉलंडमध्ये आहे. तो देश बराचसा समुद्राच्या पातळीखाली राहतो, त्यामुळे तिथले लोक दुसऱ्यांच्या पाण्याचाही अभ्यास करतात. दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत ती तीन महिन्यांसाठी घरी आली. आईबापांना भेटायला आली, असं आम्ही कोथरूडभर सांगितलं. प्रत्यक्षात ती आमच्या सोसायटीचं कॉम्प्युटर मॉडेल करायला आली होती.

आमच्या सोसायटीचं नाव निर्झर. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला कोरडा ओढा, मध्ये सोळा फ्लॅट आणि एक टाकी. नाव ठेवणाऱ्या बिल्डरला विनोदाचं अंग असावं.

"माणसं निसर्गाचं काय करतात आणि मग निसर्ग माणसांचं काय करतो, हे एकाच पडद्यावर दिसतं," दीपालीनं आम्हाला समजावलं. पडद्यावर हिरवी टेकडी होती, निळा ओढा होता आणि सोळा ठिपके होते. "लोक जास्त पाणी उपसतात, बोअरची पातळी खाली जाते, टेकडीवरची झाडं वाळतात, उन्हाळा वाढतो, मग लोक आणखी पाणी उपसतात."

"म्हणजे सिरियलसारखं," प्रेमला म्हणाली. प्रेमला म्हणजे आमची पत्नी. "एकदा सुरू झालं की संपत नाही."

"आणि यातलं प्रत्येक कुटुंब एक एजंट आहे."

"एजंट?" प्रेमलानं चष्मा काढला. "आपल्या घरात कुणी कधी पॉलिसी विकली नाही हं."

"तसा नाही गं, आई. एजंट म्हणजे आपल्या मनानं वागणारा. प्रत्येकाला मी एक नियम दिलाय. तो नियमाप्रमाणे वागतो."

"आपल्या मनानं वागणारा आणि नियमाप्रमाणे वागणारा," मी म्हणालो. "म्हणजे मी नोकरीत होतो तसा."

सोसायटीत मात्र ही बातमी जिना उतरता उतरता बदलली. सेक्रेटरी श्रीनिवास साने संध्याकाळी दारात हजर. हा गृहस्थ 'या, बसा' म्हटलं तरी कशावर, ते विचारून बसतो.

"रतनराव, आपल्या कन्येनं आम्हाला एजंट नेमलं असं कळलं. सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतली होती का?"

दीपालीनं त्यांना पडद्यावर त्यांचा ठिपका दाखवला. सान्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. मग म्हणाले, "मी इतका लहान आहे?"

"सगळे सारखेच आहेत, काका."

"तळमजल्यावरचे सुद्धा?"

असो. तिनं दोन महिने घराघरात पाण्याच्या वह्या वाटल्या, रोज सकाळी टाकीवरच्या मीटरचं रीडिंग घेतलं. शेवटचे पंधरा दिवस परीक्षेचे. उद्या सोसायटी किती पाणी वापरणार, हे मॉडेलनं आदल्या दिवशी सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी ते मीटरशी ताडून बघायचं. जुळलं की काम संपलं. काम संपलं की दहा मेचं विमान.

आणि बुद्धपौर्णिमा होती सव्वीस मेला.

सहा पौर्णिमा तिच्यावाचून गेल्या होत्या. दर वर्षी प्रेमला खीर करते आणि दर वर्षी चुकून तीन वाट्या काढते. तिसरी वाटी मी खातो. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे, पण त्या वाटीला काय सांगणार? यंदा पोरगी घरात होती, खोलीतून तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू येत होती, आणि तरी सोळा दिवस कमी पडत होते. मी एकदा सहज सुचवून पाहिलं.

"तिकीट पुढे ढकलता येत नाही का गं?"

"आकडे जुळले नाहीत तर ढकलावंच लागेल, बाबा. पण जुळतायत. एवढं मॉडेल कधीच कुणाचं जुळलं नव्हतं. निर्झरचे लोक फार शहाण्यासारखे वागतात."

ते तिनं हौसेनं सांगितलं. मला मात्र त्याच क्षणी कळलं की सोसायटीत एका वेड्याची जागा रिकामी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नळाला पाणी आलं आणि मी कामाला लागलो. आता पाणी गटारात सोडणं मला मरेपर्यंत जमणार नाही. म्हणून घरातलं भरलेलं पाणी बादल्यांनी खाली न्यायचं, ओढ्याकाठी आम्ही लावलेल्या कडुलिंबांना घालायचं आणि परत येऊन नव्यानं भरायचं, अशी योजना होती. पहिल्या दिवशी चार बादल्या. मॉडेल ढिम्म. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवसापासून बारा. तीन मजले, बारा बादल्या, वय एकसष्ट. नोकरीत असताना एवढं काम केलं असतं तर खात्यानं चौकशी लावली असती.

चौथ्या दिवशी दीपाली कपाळाला आठ्या घालून बसली.

"बाबा, कुठेतरी गळती आहे का?"

"टाकी मी स्वतः बघितली. ठणठणीत आहे." हे खरं होतं. गळती टाकीत नव्हतीच.

"मग जातंय कुठे?"

"माणसाचा नेम सांगता येत नाही," मी पेपर उलटा की सुलटा ते बघत म्हणालो.

एप्रिल संपताना तिनं तिकीट अठ्ठावीस मेवर नेलं. प्रेमलानं त्याच दिवशी शेवयांचं पुडकं आणून डब्यात ठेवलं. मी जिंकलो होतो. खरं तर इथे थांबायला हवं होतं, पण थांबलो असतो तर आकडे पुन्हा जुळले असते. खोट सुरू करणं सोपं असतं. ती रोज पहाटे उठून चालू ठेवावी लागते, हे माझ्या खात्यातल्या अनुभवी लोकांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

सात मेला, मंगळवारी, दहावी बादली ओतताना मागून आवाज आला.

"रतनराव, हे काय?"

साने. हातात दुधाची पिशवी.

"शिळं पाणी काढतोय," मी म्हणालो.

हे पुण्यात कुणालाही पटतं. काल धरणातून आलेलं पाणी आज शिळं होतं आणि आज त्याच धरणातून आलेलं पाणी ताजं असतं, याबद्दल आपल्याकडे दुमत नाही.

"दहा बादल्या? मोजल्यात मी."

"परवाचंही होतं."

साने दुधाची पिशवी हलवत जिन्यानं वर गेले. पण त्यांच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं की डोक्यात गणित चाललंय. पाणीखात्यातला माणूस. चौतीस वर्षं. ऐन मे महिना. घरातलं सगळं पाणी ओतून नवीन भरतोय. कोणाला सांगत नाही.

सहा वाजता हेमावहिनी, म्हणजे सान्यांच्या सौभाग्यवती, पिंप भरत होत्या. सव्वासहाला शेजारच्या फ्लॅटमध्ये पातेली भरली जात होती. साडेसहाला अख्ख्या निर्झरमध्ये बादल्या, घागरी, कुकर, थर्मास, लहान मुलांचा टब, जे जे म्हणून पोकळ होतं ते ते भरलं गेलं. पहिल्या मजल्यावरच्या चंपाताईंनी फुलदाण्या भरल्या. हेमावहिनींनी बिबवेवाडीच्या बहिणीला फोन केला, "उद्यापासून चार दिवस पाणी नाही. आतली बातमी आहे, कुठे बोलू नकोस." बहिणीनं ते धायरीच्या नणंदेला अगदी तसंच सांगितलं, 'कुठे बोलू नकोस' यासकट. चार दिवसांचे धायरीला पोचेपर्यंत आठ झाले होते.

दुपारी बारा वाजता निर्झरची टाकी कोरडी पडली.

"बघा," साने जिन्यात सर्वांना सांगत होते, "रतनरावांना पहाटेच माहीत होतं."

मी घाबरून सांगितलं, "अहो, काही नाही. उद्या सकाळी पाणी येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. ते रोजच येतं. पण माझा शब्द खरा ठरला म्हणून हेमावहिनींनी आमरसाची बरणी पाठवली आणि साने मला प्रथमच 'अहो रतनराव' म्हणाले.

दीपाली मात्र हसत नव्हती. तिचे डोळे चमकत होते, आणि ते जास्त वाईट होतं. तिनं वही घेतली आणि घरोघर एकच प्रश्न विचारत निघाली, "पाणी जाणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" रात्री जेवता जेवता तिनं टेबलावर एक कागद पसरला. धायरीहून एक बाण बिबवेवाडीला, तिथून हेमावहिनींकडे. निर्झरमधल्या सगळ्या फ्लॅटांचे बाणही फिरून फिरून हेमावहिनींकडेच.

"हेमाकाकूंना सानेकाकांनी सांगितलं," ती म्हणाली.

"असं का," मी म्हणालो.

"आणि सानेकाकांना कुणीच सांगितलं नाही म्हणे. त्यांनी काहीतरी पाहिलं."

मी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. पेन्सिल सान्यांच्या चौकटीवरून निघाली, फ्लॅट नंबर सातपाशी आली आणि थांबली. दीपालीनं माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाची घडी केली आणि म्हणाली, "आई, वरण वाढ."

दोन दिवसांनी हॉलंडहून तिच्या प्राध्यापकांची ईमेल आली. फोनची लाईन तासभर अडकवून ती ईमेल उतरली. पोरगी आनंदानं भोवरा झालेली.

"बाबा, सर म्हणतात, कारण नसताना टंचाईची अफवा उठते आणि अफवेनं खरी टंचाई होते, हे इतकं स्वच्छ कुणालाच मोजता आलं नव्हतं. आकडे न जुळणं हाच शोध आहे म्हणतात. वीस मेला तिकडे मोठी परिषद आहे. त्यात मी हे मांडायचं. आणि यावर आणखी दोन वर्षांचं काम दिलंय."

"कुठे?" प्रेमलानं विचारलं.

"तिकडे."

प्रेमलानं शेवयांचा डबा जरा आत सरकवला.

सतरा तारखेला दुपारी मुंबईची टॅक्सी आली. म्हणजे माझ्या हिशेबानं, मी काहीच केलं नसतं तर ती दहाला गेली असती आणि कदाचित डिसेंबरात परत आली असती. मी महिनाभर बादल्या वाहून सात दिवस मिळवले आणि दोन वर्षं घालवली. पाणीखात्यात असा व्यवहार करणाऱ्याला आम्ही समोर बसवून चहा पाजला असता आणि विचारलं असतं, बाबा रे, तुझं नेमकं काय चुकलं?

बॅगा डिकीत गेल्यावर दीपाली माझ्याजवळ आली.

"लेखात तुमचं नाव नाही घातलं, बाबा. फक्त फ्लॅट नंबर सात."

"मी काय केलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "शिळं पाणी." आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बादल्यांनी तो खांदा इतका दुखत होता की डोळ्यांत पाणी आलं. सान्यांना मी तसंच सांगितलं.

टॅक्सी वळल्यावर मी प्रेमलाला म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"रोज पहाटे बारा वेळा दार वाजायचं. मी काय बहिरी आहे?"

"मग अडवलं का नाहीस?"

"मलाही खीर करायची होती," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली, दुपारी खीर झाली. वाट्या तीन निघाल्या. संध्याकाळी मी दीपालीनं ठेवून दिलेला कॉम्प्युटर सुरू केला. कुठलं बटण दाबायचं ते ती कागदावर लिहून गेली होती. टेकडी आली, ओढा आला, सोळा ठिपके आले. ठिपक्यावर बाण नेला की त्याचा नियम दिसतो. सान्यांचा होता, 'दुसऱ्यानं केलं की करतो.' मी आमच्या ठिपक्यावर गेलो. तिनं मराठीतच लिहिलं होतं.

'फ्लॅट ७. मुलगी जायला निघाली की पाणी ओततो. मुलगी गेली की थांबतो.'

खाली 'पहिल्यापासून' असं बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर फेब्रुवारी येतो आणि सातव्या फ्लॅटच्या ठिपक्यावर माणसांचा आकडा दोनचा तीन होतो. मग दिवस भराभर सरकतात, मे येतो, तिनाचा पुन्हा दोन होतो. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. किती वेळा, ते सांगण्यात अर्थ नाही.

"काय करताय?" स्वयंपाकघरातून प्रेमला.

"तपासतोय. पोरीचा नियम चुकलाय."

तो चुकला होताच. मुलगी गेल्यावर मी थांबलो नव्हतो. कडुलिंबांना सवय लागली होती, पहाटे मला जाग येत होती, त्या रिकाम्या खोलीसमोरून जायला हातात काहीतरी असलेलं बरं वाटत होतं. शास्त्राच्या दृष्टीनं ही फार गंभीर बाब होती. मी तिथल्या तिथे तिला ईमेल लिहिली, आयुष्यातली पहिली, एका बोटानं, पाऊण तास लावून.

'चि. दीपाली यांस, मॉडेलमध्ये मोठी चूक सापडली आहे. फ्लॅट सातचा एजंट नियमाप्रमाणे वागत नाही. लांबून दुरुस्त होईल असं वाटत नाही. तज्ज्ञानं प्रत्यक्ष येऊन पाहणी करणं आवश्यक. तुझा, बाबा.'

मसुदा चोख होता. चौतीस वर्षांत मी असल्या अर्जांवर कित्येक अधिकाऱ्यांना जागेवरून हलवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या भरायला लावल्या आणि उत्तर आलंय का ते बघायला बसलो. आलं होतं. एकच ओळ.

'बाबा, आधी नळ बंद करा.'

मी उठून पाहिलं. चालू होता.