रंगराव गुरुजींचा हुकमी खड्डा

"खड्डा? अवं पोरी, खड्डा तं आपल्या डाव्या हाताचा मळ!"

रंगराव गुरुजी छाती फुगवून नातीला, पायलला, असं म्हणाले, तेव्हा ते अजिबात फुशारकी मारत नव्हते. चिखलीतल्या त्यांच्या घराची अकरा वर्षांची रीत होती. ज्याचा वाढदिवस, त्याने केकचा आकार सांगायचा, गुरुजींनी तो आपल्या हातांनी करायचा, आणि केक समोर येईपर्यंत ते गुपित दोघांतच ठेवायचं. किल्ला झाला, आगगाडी झाली, एकदा तर ट्रॅक्टरसुद्धा झाला. आणि झाडून सगळे केक मधोमध खचले! किल्ल्याचं तळं झालं, आगगाडीची होडी झाली.

कारण साधं होतं. अडतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला झाकण ठेवून गप्प बसवत नाही! गॅसवर वाळू घातलेलं मोठं पातेलं, त्यात केकचं भांडं आणि भोवती पोरं. दर पाच मिनिटांनी गुरुजी झाकण उचलायचे. "पाहा रे, सोड्याचे बुडबुडे कसे वर येऊन राह्यले!" पोरं बघायची, शिकायची, आणि केक बिचारा गार हवेने खाली बसायचा. मग त्या खड्ड्यात मलई भरून सगळे मिटक्या मारत खायचे. चव अशी, की खड्ड्याबद्दल तक्रार करायला कोणाचं तोंड रिकामंच नसायचं!

यंदा पायलला दहाव्या वाढदिवसाला लोणारचं सरोवर हवं होतं. आकाशातून दगड पडला आणि त्या दणक्याने एवढा खड्डा झाला, हे गुरुजींनीच तिला शिकवलं होतं.

"मंग तो दगड कुठी गेला, आबाजी?"

"वाढदिवसाले सांगतो. सगळ्याईच्या समोर!"

झालं! पायलने बारा मैत्रिणी बोलावल्या, वर शाळेतल्या जयमाला मॅडमनाही सांगून आली, "आमच्या आबाजीले सगळं येते!"

मॅडम येणार हे ऐकून गुरुजींच्या पत्नी, अन्नपूर्णाबाई, सकाळपासून गॅसजवळ स्टूल टाकून बसल्या. हातात लाटणं! "इतके वर्सं खचलेला केक घरातल्या घरात खाल्ला. आज मॅडम येऊन राह्यल्या. झाकनाले हात लावसान तं पाहा!"

गुरुजी कात्रीत सापडले. खड्डा तर हवा, आणि तो का हवा हे सांगायचं नाही. पोरीला शब्द दिलेला!

"अवं, जळल्याचा वास येते."

"चार दिवसांपासून सर्दी हाये तुमाले. वास कुठून येते?"

हादऱ्याने तरी केक खचेल म्हणून गुरुजींनी पाय आपटून पाहिला. परात पाडली. टिनाच्या छपरावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला! सून दीपमाला धावत आली, "मामाजी, पडले काय तुमी?" केक मात्र जागचा हलला नाही.

"शेजारच्या गोजरबाईनं आवाज देला तुले," गुरुजींनी शेवटचा बाण सोडला. अन्नपूर्णाबाई उठल्या, पण जाताना झाकणावर वरवंटा ठेवून गेल्या! गुरुजींनी तो दोन्ही हातांनी उचलला, तोच अन्नपूर्णाबाईंच्या मागोमाग गोजरबाईच आत आल्या.

"मी कवा आवाज देला बाप्पा?"

बारशातल्या बाळासारखा वरवंटा छातीशी धरून गुरुजी उभे! "व्यायाम करून राह्यलो," ते म्हणाले.

केक फुगला! पोळ्याच्या बैलाच्या वशिंडासारखा गोल, गच्च, सोनेरी! दीपमालाने टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. खचले ते एकटे गुरुजी.

पाच वाजता बारा मैत्रिणी आणि मॅडम यांच्यासमोर केक आला. पायलने तो डोंगर पाहिला आणि तिचा ओठ थरथरला. गुरुजी खाली वाकले. "चुकलो पोरी. तुले सबद देला अन् पाळता नाही आला."

पायलने नाक पुसलं. केककडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं.

"आबाजी, लोनारचा खड्डा कोनं केला?"

"दगडानं."

"मंग!"

ती आत पळाली आणि आजीच्या डब्यातून डिंकाचा लाडू घेऊन आली. अन्नपूर्णाबाईंचे लाडू पौष्टिक खरे, पण घरात ते बत्त्याने फोडूनच खायचे. गुरुजींना तर नवी कवळी बसवल्यापासून सक्त मनाई होती!

पायल खुर्चीवर चढली. "सरका सगळ्या! उल्का येऊन राह्यली!"

धप्प!

"अवं माय! काय केलं हे!" अन्नपूर्णाबाई ओरडल्या. पण गुरुजी लहान पोरासारखे नाचायला लागले. मधोमध गोल खड्डा, भोवती उचललेला काठ, चुरा थेट मॅडमच्या साडीपर्यंत! "पाहा, काठ पाहा! लोनारले अस्साच हाये!" त्यांनी लाडू बाजूला एका ताटलीत काढला, खड्ड्यात खसची हिरवीगार मलई ओतली आणि वर चिमूटभर मीठही टाकलं. "पानी खारं असते ना!"

मॅडम भारावून गेल्या. "गुरुजी, मी हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. मुलींना कळलं ते आज!"

"खड्डाच पायजे होता तं सांगाचं ना!" अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "अकरा वर्सं आपोआप पडत होता, अन् आज मी राखन करत बसली!"

हशा झाला, केक कापला गेला, मीठ लागलेले तुकडेसुद्धा संपले. मग मॅडमनी विचारलं, "पण गुरुजी, पायल म्हणते तुम्ही सांगणार होतात. तो दगड गेला कुठे?"

तेरा चेहरे गुरुजींकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच भूगोलाच्या प्रश्नावर गुरुजी गप्प! त्यांनी नुसताच हात हलवला. एक गाल मात्र फुगलेला होता.

अन्नपूर्णाबाईंनी ताटलीत पाहिलं. लाडू नव्हता.

"आ करा."

गुरुजींनी मान हलवली. आ करायला कवळी मोकळी असावी लागते. त्यांची लाडवात रुतली होती!

अन्नपूर्णाबाई आत गेल्या आणि बत्ता घेऊन आल्या.