विचारताय काय, पुसा!

संगणक म्हणजे चार खोकी आणि आठ वायरी, त्यात न समजण्यासारखं काय आहे, असं मास्तरांचं ठाम मत होतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. ज्याने फळ्यावर खडूने रेघा ओढून मुलांना अख्खी पृथ्वी फिरवून आणली, त्याला एक डबा जोडता येऊ नये? घरातला जुना संगणक आता इतका थकला होता की मास्तर बटण दाबून आंघोळीला जात आणि परत येईपर्यंत तो नुसते डोळे चोळत बसलेला असे. तेव्हा नवा विकत आणायचा नाही, घरीच बांधायचा, असं त्यांनी जाहीर केलं.

मुलगी दुसऱ्या गावी संगणकाचंच काम करायची. तिने आधी तयार घ्या म्हणून विनवून पाहिलं, मग हात टेकले आणि कुठला भाग कुठे बसवायचा ते फोनवर समजावून सांगितलं. एक गोष्ट मात्र तिने पुन्हा पुन्हा बजावली. जुन्या संगणकातली हार्डडिस्क नव्यात बसवा, पण तिची वायर जोडू नका. आधी नव्या डिस्कवर विंडोज चढू दे, सगळं सुरळीत चालू दे, मग जुनी जोडा. मास्तर म्हणाले, कळलं. पण हे 'कळलं' शेवटच्या बाकावरून येणाऱ्या 'कळलं, सर'च्या जातीचं होतं.

त्या जुन्या डिस्कमध्ये घरातलं सगळं होतं. फोटो होते, मुलीची लहानपणची गाणी होती, आणि बाईंच्या वडिलांचा आवाज होता. बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्याही शाळेत शिकवायच्या, त्यामुळे शेजारीपाजारी काय, खुद्द मास्तरही त्यांना बाईच म्हणत. त्यांचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. अखेरच्या वर्षी ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा बाईंनी समोर छोटा रेकॉर्डर ठेवून त्यांना बोलतं केलं होतं. ते गेले, आणि त्यानंतर बाईंनी त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. एकदा मास्तरांनी लावू का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आहे ना तिथे? मग असू दे."

रविवारी सकाळी मास्तरांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. नवी डिस्क म्हणजे नखभर जाडीची एक पट्टी होती. ती त्यांनी खाचेत सरकवली, स्क्रू पिळला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. खरी पंचाईत सीडी ड्राइव्हची झाली. नव्या कॅबिनेटला बाजूला छान काच होती, पण ड्राइव्ह बसवायला पुढे जागाच नव्हती. दुकानदाराने सांगितलंच होतं की आता तो कोणी मागत नाही. पण घरात खणभर सीड्या पडल्या होत्या, त्यांचं काय करायचं? मास्तरांनी काच काढून ठेवली, आतून वायर बाहेर ओढली आणि ड्राइव्ह सरळ टेबलावर मांडला, चहाच्या कपाशेजारी.

राहिली जुनी हार्डडिस्क. ती जागेवर बसली होती, पण तिची वायर मोकळी लोंबत होती. मास्तरांना ते बघवेना. वर्गात एखाद्याच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं तरी त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी वायर जोडून टाकली.

बटण दाबलं. पंखे गरगरले, दिवे लागले, आणि सीडी ड्राइव्हने वेडावून दाखवल्यासारखी आपली जीभ बाहेर काढली. भरलेला कप आडवा झाला. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण पडद्यावर प्रश्न आला होता की विंडोज कुठल्या डिस्कवर घालू? डिस्क दोन दिसत होत्या आणि दोघींचं माप एकच होतं. एकीत व्यवस्थित कप्पे पाडलेले दिसत होते. दुसरीपुढे नुसतंच लिहिलं होतं की जागा नेमलेली नाही. मास्तरांनी शांतपणे विचार केला. नवं घर घेतलं की खोल्या पाडूनच मिळतात. तेव्हा कप्पेवाली ती नवी. आणि जिची जागाच नेमलेली नाही, ती जुनी. वयोमानाने होतं असं. त्यांनी कप्पेवाली निवडली.

यंत्राने ताकीद दिली की यातलं सगळं पुसलं जाईल. मास्तर थबकले, हे कबूल केलं पाहिजे. मागे स्वयंपाकघराच्या दारात बाई येऊन उभ्या राहिल्याची चाहूल लागली. जबाबदारीच्या कामात दुसऱ्याचं मत घ्यावं, म्हणून पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "सगळं पुसलं जाईल म्हणतोय. पुसू का?"

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. चहाचा ओघळ कडेपर्यंत पोचला होता.

"विचारताय काय, पुसा!"

"परत नाही हं मिळायचं."

"सांडलेलं कधी परत मिळतं का? पुसून टाका आधी."

मास्तरांनी पुसलं. बाईंनीही फडकं आणून पुसलं. दोघांची कामं एकदमच उरकली.

विंडोज एकदाचं चढलं. मास्तरांनी मुलीला फोन लावला आणि सगळी हकिगत रंगवून सांगितली. नवी डिस्क कामाला लागली की कशी दमदार घुरघुरते, हेसुद्धा सांगितलं.

"बाबा, नव्या डिस्कला आवाज नसतो," मुलगी म्हणाली. "बंद करा. आत्ताच्या आत्ता. आणि आता कशालाही हात लावू नका."

मास्तरांनी बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिले. मुलीने सांगितलं, आशा आहे, सगळं नाही तरी काही मिळेल, मी सुट्टी काढून येते, तोवर तो डबा चालू करायचा नाही. आईला मी सांगू का, असंही तिने विचारलं. मास्तर म्हणाले, नको, मी सांगेन.

पण सांगणं एवढं सोपं नव्हतं. शिवाय एक विचार मनात डोकावून गेलाच. बाई ते कधी ऐकत नव्हत्या. पुढेही ऐकतील असं नव्हतं. डिस्क रिकामी आहे हे त्यांना कळणार तरी कसं? न बोलता सगळं निभावलं असतं. मास्तरांनी हा विचार दोन दिवस सोबत वागवला. मग त्यांच्या लक्षात आलं की संगणकाच्या खोलीत जाताना आपण पाय न वाजवता जातोय, घरात कोणी आजारी असल्यासारखे. बाई वाळलेले कपडे घडी घालत बसल्या होत्या तेव्हा ते समोर जाऊन उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. 'तुला विचारूनच पुसलं,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्या आठवड्यातलं त्यांचं एवढं एकच काम बिनचूक झालं.

बाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुसा असं मीच म्हणाले की."

"तू चहाबद्दल म्हणत होतीस."

"हो." त्यांनी चादरीची टोकं जुळवली. "ऐकत नव्हते मी. पण घरात होते ते. आतल्या खोलीत कोणी झोपलेलं असावं, तसे."

मास्तरांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.

मुलगी आली. तिने ती डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि एक प्रोग्रॅम दिवसभर चालत ठेवला. संध्याकाळी तिने सांगितलं की पुष्कळ परत मिळालंय, पण नावं गेली आहेत. प्रत्येक फाइलला आता नुसता नंबर होता. आजोबा कशात आहेत हे लावून ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि अशा फाइली हजारांनी होत्या. एवढं सांगून ती परत गेली. जाण्याआधी नवा संगणक मात्र तिने स्वतः लावून दिला, परत मिळालेल्या सगळ्या फाइली त्यात घातल्या, आणि पेचकस मास्तरांना न दिसेल अशा जागी ठेवला.

मग रोज संध्याकाळी मास्तर एकेक नंबर लावू लागले. कधी कुत्रं भुंकायचं. कधी मुलगी गाणं सुरू करून तिसऱ्या ओळीला अडखळायची. एकदा ज्वालामुखीवर मास्तरांचंच भाषण निघालं, आणि ते इतकं लांबलं की त्यांना स्वतःलाच जांभई आली. काही फाइली मध्येच तुटायच्या. बाई आतल्या खोलीत असत, पण दार उघडं असे. पुढे त्या दारापर्यंत आल्या. एके दिवशी खुर्ची ओढून शेजारीच बसल्या आणि म्हणाल्या, "लावा पुढचं."

त्या दिवशी खोकला ऐकू आला. जुना, ओळखीचा, दोनदा घसा खाकरणारा. बाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

आजोबांनी पाणी प्यायल्याचा, पेला ठेवल्याचा आवाज आला. मग ते निवांत बोलू लागले. कुठलीशी यंत्रं, कुठलीशी गिऱ्हाइकं. बोलता बोलता म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने माझा टेबलफॅन दुरुस्त केला होता, आठवतंय? तुमचं लग्न नवीन होतं तेव्हा."

मास्तर ताठ बसले. आयुष्यात त्यांनी दुरुस्त केलेली ती पहिली वस्तू. सगळ्या सासरवाडीने कौतुक केलं होतं. त्या दिवशी त्यांचा स्वतःच्या हातांवर विश्वास बसला, तो कायमचा. मग कुकरपासून कुलपापर्यंत घरातलं काहीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही.

"तो गेल्यावर मी परत उघडला," आजोबा पुढे म्हणाले. "तारा उलट्या जोडलेल्या. एक स्क्रू आतच खुळखुळत होता. नीट केला आणि ठेवून दिला. त्याला सांगू नकोस हं. हौस असते एकेकाची, मोडू नये."

रेकॉर्डिंगमधल्या बाई खळखळून हसल्या. आणि शेजारच्या बाईही, नेमक्या त्याच जागी. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी त्यांना हसू आवरेना.

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"नको सांगू म्हणाले होते ना ते."

आपल्याला सासऱ्यांचा राग येतोय का, हे मास्तरांनी मनाशी तपासून पाहिलं. येत नव्हता. उलट, एक माणूस आपल्यामागे आपला पंखा उघडून बसलाय, स्क्रू शोधतोय, आणि कोणाला काही बोलत नाहीये, हे चित्र त्यांना फार दिवस पुरेल असं वाटलं.

"परत लावा ना," बाई म्हणाल्या.

"अगदी सुरुवातीपासून?"

"नको. पंख्यापासून."

मास्तरांनी मुकाट्याने पंख्यापासून लावलं.