हॉलबाहेरची टिकटिक

जीवशास्त्रज्ञ निदेल्विया कानुलबाईंचं जॅग्वारचा माग काढायचं यंत्र भर सकाळी टिकटिकू लागलं आणि त्यांच्या हातातला न्याहारीचा पानुचो ताटलीत पडला. गळ्यात रेडिओ कॉलर घातलेली जॅग्वार मादी तीन वर्षांत गावाकडे फिरकली नव्हती. आज ती चक्क गावाशेजारच्या मक्यात होती.

आणि दिवस नेमका कसला! जंगल न तोडता मधावर जगायचं, हा ठराव आज व्हायलाच हवा होता, कारण मुदत आजच संपत होती. त्यासाठी बाईंनी या गावात अठरा वर्षं काढली होती. त्यांत जीवशास्त्र थोडं, सभेला या म्हणून दारोदार फिरणंच जास्त. ठरावाला पन्नास माणसं लागत, येत बारा, आणि त्यांतली चार झोपायला.

बाईंनी सरपंच विल्बर्टना गुपचूप गाठलं. "कुणाला बोलू नका. जॅग्वार मक्यात आहे."

"माझ्या पोटात राहील बाई," असं म्हणून सरपंचांनी थेट लाउडस्पीकर लावला. "मंडळी, घाबरू नका! जॅग्वार आलाय! पळा, हॉलमध्ये या!"

पाच मिनिटांत अख्खं गाव आत आणि लोखंडी दाराला कडी. यंत्राची टिकटिक वाढतच होती.

"बघा तुमची लाडकी!" सरपंच ओरडले. "हिच्यासाठी जंगल राखायचं? कोण हात वर करतंय बघतोच!"

बाईंना रडू यायचंच बाकी होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा हॉल भरला, तोही ठराव पाडायला.

तेवढ्यात दारावर धडक बसली. सरपंच टेबलावर चढले.

"अरे उघडा की! मेलात का सगळे?" हा आवाज एलमीमावशींचा होता.

दार उघडलं. मावशी, त्यांची डुकरीण, आणि डुकरिणीच्या गळ्यात दोरीनं बांधलेली रेडिओ कॉलर.

"पाणवठ्यावर सापडला हा पट्टा," मावशी म्हणाल्या. "ही रोज लोकांच्या मक्यात शिरते, शोधून कंबर मोडते माझी. तुम्हाला घरबसल्या जॅग्वार सापडतो, म्हटलं डुकरीणही सापडेल. काय चुकलं?"

बाईंनी पट्ट्याचं कुलूप निरखलं. पट्ट्याची ठरलेली वर्षं भरल्यावर ते आपोआप उघडतं, तसंच उघडलं होतं. कुणी कापलं नव्हतं, मादीला कुणी गोळी घातली नव्हती. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसतच सुटल्या. मग सगळा हॉल हसू लागला. टेबलावरून उतरायला सरपंचांना दोघांनी हात दिला.

"मावशी, आत या आणि कडी लावा," बाईंनी डोळे पुसले. "आता मंडळी, हसता हसताच ठरावाला हात वर करा बघू!"

एकाहत्तर हात वर गेले. सरपंचांचा जरा उशिरा, पण गेला.

सभा संपल्यावर ते बाईंजवळ आले.

"पुढच्या महिन्यात पाण्याच्या टाकीची सभा आहे," ते हळूच म्हणाले. "तोवर पट्टा राहू द्या डुकरिणीकडेच."