शोषखड्ड्यावरची बैठक

कुटुंबाची प्रतिष्ठा घरात काय आहे यावर ठरत नाही, पाहुण्यांना कुठे बसवले यावर ठरते. चाकूरच्या रेणुकादासांना हे सत्य निवृत्तीनंतर उमगले. मुलीला, म्हणजे मनस्विनीला, पाहायला आलेली मागची दोन्ही स्थळे "कळवतो" म्हणून गेली, ती गेलीच. दोन्ही वेळा पाहुणे आतल्या पलंगावर बसले होते. बत्तीस वर्षे सरकारी टिपण्या लिहिलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. दोष पलंगाचा. सबब, अंगणात ग्रॅनाइटची बैठक बांधण्यात यावी.

अंगणात मोकळी जागा एकच होती आणि तिच्याखाली शोषखड्डा होता. संडासाच्या टाकीतून निघालेले पाणी तिथे येई आणि काळ्या मातीत, मातीच्या सवडीने, मुरे. (काळी माती याबाबतीत कार्यालयासारखी. आलेले घेते खरी, पुढे लवकर पाठवत नाही.)

रेणुकादासांनी रीतसर अभिप्राय मागवले.

पत्नी चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "अहो, त्या खड्ड्याला वरून जरा ऊनवारा नको का?"

नागप्पा मिस्त्री म्हणाला, "साहेब, लई वजन होतंय. पाणी खाली न्हाई गेलं की वर येतंय बघा."

मनस्विनी म्हणाली, "बाबा, पाहुणे मला बघायला येणारेत का फरशीला?"

तिन्ही अभिप्राय प्रतिकूल आल्याने प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. (मत एकच होते.)

काम दृष्ट लागण्यासारखे झाले. टाकीचे झाकण डोळ्यांना खुपत होते, त्यावरही फरशी बसली. हवेचा उभा पाइप फोटोत येत होता. तो अर्धा कापून तोंडावर दिव्याचा पांढरा गोळा बसवला. तरी मनात किंचित शंका होती, म्हणून रेणुकादासांनी कॉलनीची पाहणी केली. घरे सत्तेचाळीस. शोषखड्ड्यावर पोर्च असलेली एकोणीस, ओटा चौदा, तुळशीवृंदावन नऊ, पाहुण्यांची खोली पाच. (तुळस सगळीकडे जोमात.) शंका मिटली. इतकी माणसे चुकतील कशी?

रविवारी नांदेडहून स्थळ आले. मुलाचे वडील हणमंतराव यांनी आठ माणसे कळवली होती; क्रूझरमधून सतरा उतरली. वाटेत दोनदा उसाचा रस झालेला. सतराही जण आळीपाळीने आत जाऊन आले, प्रत्येकाने सढळ हाताने पाणी ओतले आणि मग ग्रॅनाइटवर पोहे सुरू झाले.

बशा अर्ध्या होतात न होतात, तोच हणमंतरावांच्या खुर्चीखालची फरशी डुगडुगली. मग सांध्यांतून पाणी आले. पाठोपाठ वास आला.

"कारंज्याची सोय केली आहे," रेणुकादास म्हणाले. "चाचणी चालू आहे."

नवरा मुलगा आलोक याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. हणमंतरावांनी नाकाला रुमाल लावला. "साहेब, खरं सांगा. खाली काय हाय?"

रेणुकादासांनी मनात टिपणी लिहिली: हेही स्थळ गेले. तेवढ्यात मनस्विनीने हातातला ट्रे खाली ठेवला.

"शोषखड्डा आहे. सहा फूट खोल, चार फूट रुंद, तुमच्या खुर्चीच्या बरोबर खाली. आधी उठा सगळे. आणि आता कुणी आत जाऊ नका."

आलोक सोडून सोळा माणसे उठली. हणमंतराव मात्र तिच्याकडे बघतच राहिले.

"आवो, आमच्याकडं संडास तुंबला की तिघं भाऊ तीन ठिकाणी उकरून राहिलोत. खड्डा कुठं हाय, कोनाला ठावं न्हाई. ह्या पोरीला मापासगट ठावं! आम्हाला पसंत हाय."

"माझी पसंती राहिलीय की," मनस्विनी म्हणाली आणि आलोककडे वळली. "तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाही," आलोक खुर्चीवरूनच म्हणाला. "पण उकरायची तयारी आहे."

लग्न ठरले. रेणुकादासांनी त्याचे संपूर्ण श्रेय ग्रॅनाइटला दिले आणि कॉलनीला ते पटले. आठवड्यात नागप्पाकडे अकरा नव्या बैठकांचे काम आले. प्रत्येकाची अट एकच: फरशी तशीच डुगडुगली पाहिजे.

वाचकहो, हसून झाले असेल तर बसल्या जागी सांगा, तुमच्या घरचे ते पाणी नेमके कुठे मुरते? (शेजाऱ्याला विचारू नका. तो बोअरचे पाणी अजून आवडीने पितो.)