बसवराजचं म्हैसूरचं घड्याळ

"लिहून ठेवा! दोन लाखांच्या खाली एक रुपया न्हाय!" असं म्हणत बसवराजने खिशातून रुमाल काढला, रुमालातून दुसरा रुमाल काढला आणि त्यातून वडिलांचं बंद मनगटी घड्याळ काढलं.

वडील गेले तेव्हा थोरल्या भावाला शेत मिळालं आणि शाळेत क्लार्क असलेल्या बसवराजला हे घड्याळ. शेताचं त्याला काही नव्हतं. पण "थोरला अगदी बापावर गेलाय" असं जो तो म्हणायचा, ते त्याला फार लागायचं. घड्याळ मौल्यवान निघालं की सगळ्यांना कळणार होतं, वडिलांचा जीव खरा कुणावर होता!

नवी पेठेतल्या नंदू घड्याळजींनी हात पुढे केला.

"हात न्हाय लावायचा! हाताळलं की भाव पडतो, मोबाईलवर वाचलंय. वर्षभर मीसुद्धा बोट लावलेलं न्हाय!"

"मग किंमत काय वास घेऊन सांगू?"

शेवटी रबरी मोजे घालून, बसवराजच्या डोळ्यांदेखत, नंदूंनी मागचं झाकण तेवढं उघडलं. "मशीन साधं, डायल मागाहून रंगवलेली. चालू असतं तर दोन हजार. बंद हाय, चारशे."

बसवराजचा चेहरा उतरला. तेवढ्यात नंदूंना भिंगातून झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या बारीक ओळी दिसल्या.

"अहो, ही कानडी हाय की!"

बसवराजच्या घरात चोवीस तास कानडी, पण शाळा मराठी. बोलायला फर्डा, वाचायला शून्य! त्याने भाषांतरासाठी ओळींवर मोबाईल रोखला. मोबाईललाही दोनच शब्द लागले: 'महाराज' आणि 'किल्ली'.

"म्हैसूरचे महाराज!" बसवराज स्टुलावरून उडालाच. "खजिन्याची किल्ली!"

त्याने तिथूनच होटगीला थोरल्या भावाला फोन लावला. "अण्णा, रागावू नको, पण खजिना माझ्याकडं आलाय!" अण्णा घाबरून मोटारसायकलवर निघाला. नंदूंनी दुकानाचं शटर ओढलं आणि तेही बसवराजच्या मागोमाग त्याच्या घरी आले.

बसवराजची आई गुरम्मा अक्कलकोटला चौथीपर्यंत कानडी शिकलेली. तिने चष्मा पुसला, झाकण उजेडात धरलं आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

"अव्वा, काय लिवलंय?"

"'घड्याळाला काय बी झालं न्हाय. धनी किल्ली द्यायला इसरतो. पुन्यांदा आणू नये.' वर तीन तारखा हायत! तुझा बाप तीनदा गेला असंल रे त्या घड्याळजीकडं दुरुस्तीला!"

मोबाईलने धन्याचा महाराज केला होता. गुरम्माने घड्याळाला दहा पीळ दिले. टिकटिक सुरू!

"वरीसभर किल्लीच दिली न्हाईस व्हय?"

"मला हात लावू दिला असता तर दुकानातच कळलं असतं," नंदू म्हणाले.

बसवराजने मान खाली घातली. गुरम्माचे डोळे मात्र भरून आले. "अगदी असाच हुता तो. मी उगाच थोरल्याचं नाव घेत हुते. बापावर तूच गेलास की!"

बसवराजने मघाशीच येऊन दारात उभ्या राहिलेल्या अण्णाकडे पाहिलं. त्याला इतका आनंद झाला होता, की दोन लाख त्याच्या ध्यानातही नव्हते. घड्याळ मनगटावर बांधून तो गल्लीतल्या घराघरात जाऊन ते दाखवून आला.

वेळ लावायची तेवढी राहून गेली होती.